ढगात गेलेलं दूध

सुनेचं ऑफिस आमच्या स्वयंपाकघरात होतं. धुळ्याच्या देवपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बाहेरच्या खोलीत रस्त्याचा आवाज, कॉलेजची पोरं गाड्या गुरगुरवत जातात, म्हणून ती आत ओट्याशेजारी टेबल टाकून बसायची. मी कुकर लावला की फोनवर पलीकडचा माणूस विचारायचा, “मॅडम, हा कसला आवाज?” ती म्हणायची, “सर, शेजारी बांधकाम चालू आहे.” मी काही बोलत नसे. पगार तिचा, खोटंही तिचं.

माझा मुलगा सुरतेला असतो. तिथे त्याने दुसरं घर केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मुलगा कुठे म्हणून कोणी विचारायला नको. त्याने बायकोला सांगितलं नाही आणि मलाही सांगितलं नाही. साड्या विकायला येणाऱ्या एका माणसाने सांगितलं. सून तेव्हा खूप रडली. मी मुलाला फोन लावून एवढंच विचारलं, “मला कुठे ठेवणार आहेस?” तो म्हणाला, “माय, इथे जागा नाही गं.” त्यानंतर आमच्यात सांगण्यासारखं बोलणं झालेलं नाही.

पाचोऱ्याकडचं घर दिराच्या मुलांनी घेतलं. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा, शेत कधी नव्हतंच. म्हणजे मला राहायला जगात एकच जागा उरली, सुनेचं बिऱ्हाड. आणि ते बिऱ्हाड तिच्या नोकरीवर उभं. नोकरी गेली तर ती शिंदखेड्याकडे भावाच्या घरी जाणार. भाऊ बहिणीला ठेवून घेईल, पण बहिणीच्या सासूला कोण ठेवतं? त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवली नसती. तेव्हा पुढे जी भीती मी सांगणार आहे, ती सगळी सुनेच्या काळजीची होती असं कोणी समजू नये. निम्मी माझीच होती. निम्म्याहून जास्त म्हटलं तरी चालेल.

कंपनी दुधाची. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या गावोगावी तिची संकलन केंद्रं आहेत. लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, मशीन फॅट सांगतं, केंद्रवाला ते नोंदवतो. त्या नोंदी मोबाईलवरून सुनेकडे यायच्या. ती त्या आपल्या लॅपटॉपमध्ये एका कप्प्यात टाकायची. तिच्या भाषेत फोल्डर. मग बटण दाबलं की रिपोर्ट तयार व्हायचा, कोणत्या गावचं दूध किती, फॅट किती, कुठलं कमी झालं. तो रिपोर्ट जळगावच्या साहेबांकडे सकाळच्या चहाआधी पोचला पाहिजे, नाहीतर फोन. कोरोनात धुळ्याचं ऑफिस बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. सगळं काम या एका बाईच्या टेबलावर येऊन बसलं.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षर मला ओळखू येत नाही. पण रोज एकाच खोलीत बसल्यावर काय चाललंय ते भिंतीलाही कळतं. एकदा मी विचारलं की हे बटण दाबल्यावर आकडे येतात कुठून. ती म्हणाली, “अक्का, रिपोर्टला पत्ता लिहून दिलेला असतो. तो त्या पत्त्यावर जातो, तिथले आकडे उचलतो आणि मांडून दाखवतो.”

“आणि पत्त्यावर कोणी नसलं तर?”

“मग कोरा कागद दाखवतो. सांगतसुद्धा नाही की घर सापडलं नाही. मुकाट्याने कोरा.”

घरात आम्ही दोघी अहिराणीच बोलतो. इथे मी शाळेतल्या भाषेत लिहिते आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून. सून मात्र फोन उचलला की एकदम बदलायची. तिची पाठ ताठ व्हायची आणि तोंडातून पुस्तकातली मराठी, मध्येमध्ये इंग्रजी. नोकरीच्या सुरुवातीला कंपनीने तिला पुण्याला शिकायला पाठवलं होतं. तिथे ती कोणाला तरी म्हणाली, “इकडे ठीक शे.” आमचं शे म्हणजे पुस्तकातलं आहे. सगळा वर्ग हसला. परत येईपर्यंत पोरी तिला ‘शे शे’ म्हणून हाक मारत होत्या. तेव्हापासून ऑफिसात तिच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द निघाला नाही. मी फोनच्या वेळी काही बोलले तर डोळे वटारायची.

मागल्या वर्षी पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. ती अंथरुणावर आणि रिपोर्ट बंद. साहेबांचा रोज फोन. ती तापात उठून बटण दाबायची आणि परत आडवी व्हायची. बरी झाल्यावर साहेब म्हणाले, “ताई, असं चालणार नाही. उद्या तुम्ही नसलात तर आम्ही काय करायचं? सगळा डेटा क्लाउडवर न्यायचा. सगळ्यांना उघडता आला पाहिजे.”

फोन ठेवल्यावर ती खूश होती. म्हणाली, आता लॅपटॉप बिघडला तरी भीती नाही.

मी विचारलं, “सगळ्यांना उघडता येणार?”

“हो.”

“मग तुझी गरज काय?”

“अक्का, तुम्हाला नाही कळायचं ते.”

क्लाउड म्हणजे ढग, हे शेजारणीने सांगितलं. तिचा मुलगा कॉलेजात आहे. ती म्हणाली, “अक्का, तुमच्या सुनेचं ऑफिस आता ढगात जाणार म्हणे. भाडं वाचलं तुमचं.” मी म्हटलं, “तुझ्या मुलाचं डोकं आधीपासून तिथेच आहे, त्याला विचार भाडं किती पडतं.” आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. बरं झालं.

काम पुण्याच्या एका इंजिनियरकडे दिलं होतं. आम्ही त्याला पुण्याचे सर म्हणायचो. माणूस कधी पाहिला नाही, आवाज मात्र चांगला, हळू बोलणारा. त्याने सुनेला सांगितलं की तुमच्या लॅपटॉपमधले सगळे फोल्डर वर पाठवा, मी ते ज्याच्या त्याच्या जागी लावतो, कोणी काय बघायचं ते ठरवतो आणि रिपोर्टचे पत्ते बदलून देतो. आमच्या घरात इंटरनेटची रेंज खिडकीत तेवढी येते. तिने मोबाईल खिडकीत ठेवला आणि पाठवायला लावलं. एक एक फोल्डर चढायला दिवस जायचा. मी खिडकीत पापड वाळत घालते, ते तेवढे दिवस बंद. मोबाईलला धक्का लागेल म्हणून मांजराला हाकलायचं काम माझ्याकडे.

सगळं चढलं. पुण्याच्या सरांनी सांगितलं, झालं, सगळं जागेवर लावलं. मग जळगावहून निरोप आला की जुना लॅपटॉप द्या, नवा देतो. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर नवा घेऊन आला आणि जुना घेऊन गेला. जळगावला त्यांनी तो धुऊन पुसून कोरा केला आणि दुसऱ्या कोणाला दिला. हे आम्हाला नंतर कळलं.

नव्या लॅपटॉपवर रोजचा रिपोर्ट येत होता. आज आलेलं दूध आज दिसायचं. मागचं उघडून बघायची वेळ आली नव्हती. ती वेळ दिवाळीच्या तोंडावर आली.

दिवाळीला दूध घालणाऱ्यांना फरक मिळतो. वर्षभर किती दूध घातलं, किती फॅटचं, त्यावर वरचे पैसे. त्या पैशांवर गावात दिवाळी होते. त्यासाठी वर्षाचा रिपोर्ट काढावा लागतो. सुनेने बटण दाबलं. मी शेव तळत होते. ती पुन्हा पुन्हा दाबत होती, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी वळून बघितलं तर पडद्यावर गावांची नावं ओळीने आणि पुढे काहीच नाही.

“अक्का,” ती म्हणाली, “कोरं येतंय.”

मी गॅस बंद केला.

तिने पुण्याच्या सरांना फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं. ती म्हणाली, “सर, मागचा डेटा दिसत नाही. ऑल डेटाचा जो फोल्डर मी पाठवला होता, तो कुठे आहे?”

त्याने शोधलं. म्हणाला, “मॅडम, ऑल डेटा नावाचा फोल्डर माझ्याकडे आलेलाच नाही. मी दुधासाठी नवा फोल्डर करून ठेवला होता. मला वाटलं जुनं तुम्ही त्यात भराल.”

“पण मी पाठवला सर. सगळ्यात मोठा तोच होता.”

“तुमच्याकडे नाही का कॉपी?”

“लॅपटॉप परत दिला.”

तो म्हणाला, “अरेरे.” शिकलेला माणूस अरेरे म्हणतो तेव्हा घाबरायचं असतं.

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. साहेब ओरडणारा माणूस नाही, ते हळू बोलतात आणि त्याने जास्त त्रास होतो. “ताई, वर्षाचं दूध कुठे गेलं? एवढी गावं आहेत. मी लोकांना काय सांगू, की दूध सांडलं?” दुसऱ्या फोनमध्ये म्हणाले, “तुम्ही पाठवलंच नाही आणि पाठवलं म्हणून सांगितलं, असं पुण्याचे लोक म्हणतायत.” तिसऱ्यात म्हणाले, “तुम्हाला हे क्लाउडचं पहिल्यापासून आवडलं नव्हतं का? मन मोकळं करून सांगा.” म्हणजे तिने मुद्दाम केलं, असं त्यांना म्हणायचं होतं. आपल्याशिवाय चालू नये म्हणून बाईने डेटा दाबला.

केंद्रांवरच्या नोंदी तरी असतील ना, मी विचारलं. ती म्हणाली, मशीनमध्ये थोडेच दिवस राहतात, मग पुसल्या जातात. लोकांकडे चिठ्ठ्या असतात, पण चिठ्ठ्या कोण जपून ठेवतं. मीसुद्धा दुकानाची चिठ्ठी चुलीत घालायचे.

साक्रीकडचा एक केंद्रवाला रोज फोन करायचा. म्हातारा माणूस, गोड बोलायचा. “ताई, फरकनं काय व्हयनं? लोके माले इचारतस.” सून म्हणायची, “आबा, होतंय.” फोन ठेवला की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं पुरत नव्हतं.

ती जेवेना. मी ताट वाढून समोर ठेवायची आणि उचलून परत आत न्यायची. एका दुपारी मी चिडून म्हटलं, “कसाले उपाशी मरस? मरीसन डेटा सापडी का?” तिने दोन घास खाल्ले आणि बेसिनमध्ये ओकली. मग मी म्हणणं सोडलं.

तिने घरातला प्रत्येक पेन ड्राइव्ह लावून बघितला. मोबाईलमधले जुने मेसेज उघडले, ते तिने जागा कमी पडते म्हणून मागेच पुसले होते. मी पण शोधलं. काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं, तरी मी डब्यांच्या मागे, गादीखाली, कपाटाच्या वर हात घालून आले. हातात एक जुनं चार्जर आणि मेलेली पाल आली. कोणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं. पण बसून राहवत नव्हतं. बसलं की मला सुरतेची ती खोली दिसायची, जिथे जागा नाही, आणि पाचोऱ्याचं ते घर, जिथे दिराची सून दार लावून घेते.

एका संध्याकाळी ती न सांगता बाहेर गेली. तिची चप्पल नाही, मोबाईल नाही. मी वाट बघितली, मग निघाले. गुडघे दुखतात, तरी पुलापर्यंत गेले. पांझरेवरच्या पुलाच्या कठड्याशी ती उभी होती. खाली बघत होती. पावसाळा जाऊन पाणी ओसरलं होतं, मधल्या खडकांत डबकी आणि कडेला कचरा.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “इथे घोटाही बुडत नाही. घरी चल.”

ती म्हणाली, “घरात रेंज नव्हती, म्हणून आले.”

खरं होतं की नाही मी विचारलं नाही. तिचा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून ती बाहेर निघाली की मी चप्पल घालायची. ती म्हणायची, अक्का, मी दूध आणायला चाललेय. मी म्हणायची, मलाही पाय मोकळे करायचेत.

मग साहेबांनी जळगावला बोलावलं. “समोरासमोर होऊन जाऊ दे. पुण्याचे सर पण फोनवर येतील.” ती मला म्हणाली, “मला राजीनामा लिहायला सांगतील.” मी विचारलं, काय लिहिणार. ती म्हणाली, “सांगतील ते.” मी साडी बदलली. तिने नको म्हटलं नाही. एकटीने बसमध्ये बसायची तिच्यात ताकद नव्हती.

धुळे-जळगाव रस्ता मोठा केला तेव्हापासून बस पळते. पारोळ्याला एका बाईने टोपलीभर सीताफळं माझ्या पायावर ठेवली आणि विचारलं, “कोन्हाकडे जातीस, अक्का?” मी म्हटलं, “सुनेच्या ऑफिसात.” ती म्हणाली, “भाग्यवान शेस.” मी टोपली सरकवली.

जळगावच्या ऑफिसात गार हवा आणि काचेची खोली. मला बाहेर बसवत होते. मी म्हटलं, मी आतच बसेन, मला कमी ऐकू येतं. हे खोटं आहे, मला चांगलं ऐकू येतं. साहेब जरा गोंधळले, मग शिपायाला म्हणाले, “आजींना खुर्ची दे.” कोपऱ्यात एक नवी मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. भिंतीवरच्या टीव्हीत पुण्याचे सर दिसले. मला वाटलं होतं टक्कल पडलेला माणूस असेल. हा तर काल मिसरूड फुटलेला.

साहेब सुनेला बस म्हणाले नाहीत. टीव्हीकडे बघून म्हणाले, “सर, यांच्याकडून तुम्हाला काय काय आलं, त्याची नावं यांच्यासमोर वाचा. एकदाच वाचा म्हणजे पुन्हा विषय नको.”

तो वाचू लागला. “टँकर. रूट. रेट चार्ट. केंद्रांची माहिती. ड्रायव्हर. भत्ता. बस, एवढंच.”

“ऐकलंत ताई? आहे का दूध यात?”

सून खाली बघत होती. मग तिने मान वर केली. “भत्ता मी पाठवला नाही.”

“आलाय मॅडम. तुमच्याकडूनच आलाय,” पुण्याचे सर म्हणाले. “चांगला मोठा आहे. मी तो अकाउंटच्या कुलपात टाकला. भत्ता कोणाला किती मिळतो ते सगळ्यांना दिसायला नको ना.”

“सर, भत्ता माझ्याकडे नसतोच. ते इथले अकाउंटवाले बघतात.”

“मग हे काय आहे? बी, ए, टी, टी, एच, ए.”

तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं आता ही पडते, म्हणून मी खुर्चीतून उठले. तिच्या तोंडून आवाज निघाला तो आमच्या स्वयंपाकघरातला.

“बठ्ठा शे तो.”

“काय म्हणालात?”

“भत्ता नही सर. बठ्ठा. बठ्ठा शे त्यामा. वरीसभरनं दूध.”

दारात चहाचा ट्रे घेऊन शिपाई उभा होता. तो घशातल्या घशात हसला आणि म्हणाला, “साहेब, बठ्ठा म्हंजे...”

“मला नको शिकवू,” साहेब म्हणाले, “मी अमळनेरचा आहे.”

पुण्याचे सर टीव्हीतून विचारत होते, “बठ्ठा म्हणजे काय? कोणी सांगेल का?” 

सून म्हणाली, “सगळं. ऑल डेटा.”

“अहो मग मॅडम, इतके दिवस तुम्ही मला ऑल डेटा, ऑल डेटा म्हणून शोधायला लावलंत. ते नावच नव्हतं त्याचं.”

ती त्याला काय सांगणार होती? त्याच्यासमोर आमचा शब्द उच्चारायचा नाही म्हणून तिने फोनवर त्याचं इंग्रजी केलं होतं, इतक्या सवयीने की आपण नाव बदलून सांगतोय हे तिच्या लक्षातच आलं नाही. फोल्डरवर नाव घातलं तेव्हा ती घरात होती, माझ्याशी बोलता बोलता घातलं असेल. फोनवर असताना ती दुसरी बाई असायची. त्या दुसऱ्या बाईने पहिलीला ओळखच दाखवली नाही आणि वर्षाचं दूध कुलपात पडून राहिलं.

साहेबांनी विचारलं, “फोल्डरला असं नाव देतं का कोणी ताई?”

शिपाई ट्रे ठेवत पुटपुटला, “काय वाईट शे?” साहेबांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गेला.

पुढचं सोपं होतं. पुण्याच्या सरांनी कुलूप काढलं. साहेब म्हणाले, ते नाव आधी बदला बुवा. त्याने नाव बदललं, मग रिपोर्टचे पत्ते पुन्हा घातले. कोपऱ्यातल्या मुलीला म्हणाला, “तुम्ही चालवून बघता का?” तिने बटण दाबलं. भिंतीवर गावांची नावं आली आणि त्यांच्यापुढे आकडे आले, खालपर्यंत. साहेबांनी साक्रीकडचं एक गाव बघितलं, आपल्या आठवणीतल्या आकड्याशी ताडलं आणि मान हलवली. सुनेला बसायला सांगितलं. चहा दिला. मुद्दाम केलं का असं जे फोनवर विचारलं होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी वाट बघत होते. चहा संपेपर्यंत बघितली.

मला हायसं वाटलं. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, “चल, सुटलीस.” साक्रीच्या आबांना फोन कर, असंही म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत होती. एरंडोल गेल्यावर म्हणाली, “अक्का, बटण त्या मुलीने दाबलं.”

“मग?”

“तिने दाबलं आणि आलं.”

कोरा कागद आला होता तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. डेटा हरवला होता तोवर निदान सगळे तिला शोधत होते. तो सापडला आणि सगळ्यांना उघडायला लागला. पावसाळ्यात मी जे विचारलं होतं ते मला आठवलं, तिलाही आठवलं असणार. मी ते पुन्हा बोलून दाखवलं नाही. माझं म्हणणं बरोबर निघाल्याचा काही आनंद होत नव्हता.

दिवाळीनंतर साहेबांचा फोन आला. हळू बोलले. आता धुळ्याला वेगळं माणूस ठेवायची गरज उरली नाही, रिपोर्ट जळगावलाच निघतील. तुमची इच्छा असेल तर इथे येऊन त्या मुलीला मदत करा, तीन महिने बघू. तीन महिन्यांनी काय बघणार ते त्यांनी सांगितलं नाही. तिने हो म्हटलं.

मग तिने भावाला फोन केला. मी भांडी घासत होते, नळ बंद केला. भाऊ म्हणाला, कशाला तिकडे जाते, इकडे ये. ती म्हणाली, अक्का आहेत. भाऊ म्हणाला, “त्यांना त्यांचा पोरगा नाही का?” मी नळाला हात लावून उभी होते. शेवटी ती म्हणाली, “नही. नही शे त्यास्ना पोरगा.” आणि फोन ठेवला. माझ्या जिवंत पोराला तिने असं नाही करून टाकलं. मी नळ सोडला आणि भांडी पुरी केली.

जळगावात भाडं झेपेना, म्हणून नशिराबादला एक खोली घेतली. हायवेला लागून आहे, गाड्यांनी भांडी वाजतात. ती सकाळी रिक्षाने ऑफिसला जाते. तीन महिने होऊन गेले. अजून कोणी काही बोललेलं नाही, ठेवलं असंही नाही आणि काढलं असंही नाही. त्या मुलीला आता सगळं येतं. सून म्हणते, हुशार आहे. मीही म्हणते, असेल.

पुण्याच्या सरांनी कोणी काय उघडायचं ते ज्याच्या त्याच्या नावावर लावून दिलं आहे. ज्याला काढायचं असेल त्याचं नाव खोडलं की त्याला उघडत नाही. निरोप द्यायला नको, चिठ्ठी द्यायला नको. ऑफिसातल्या एकाला असंच कळलं. तो पासवर्ड चुकला म्हणून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा घालत बसला होता.

म्हणून ती उठल्यावर तोंड धुवायच्या आधी लॅपटॉप उघडते. मी ओट्याशी पातेलं घेऊन उभी असते. पडद्यावर गोल फिरत राहतं. इथे रेंज बरी आहे, तरी वेळ लागतो. ती बघते, मी तिच्याकडे बघते. उघडलं की ती “हं” म्हणते आणि मी चहा टाकते.